अर्ध्याचा हिशेब

वकीलबाईंच्या टेबलावर दोन पेनं होती,
त्यातलं एकच चालत होतं.
"घर एकाच्या नावावर की दोघांच्या?"
त्यांनी विचारलं, जसं कुणी विचारावं
चहात दूध घालू का.

एर्लंड खिडकीबाहेर बघत होता.
दुपारची फेरीबोट स्ट्रॉमनेसच्या धक्क्याला लागत होती.
त्याची पाळी नव्हती, तरी दोर नीट बांधला की नाही
हे त्याला इथूनही बघायचं होतं.

मी म्हटलं, जरा थांबा.

माझ्या आईनं अडतीस वर्षं
वडिलांच्या नावावरच्या घराच्या काचा पुसल्या.
बँकेची पाकिटं त्यांच्या नावानं यायची.
ती घड्याळामागे उभी करून ठेवायची, न फोडता,
दुसऱ्याचं पत्र फोडू नये म्हणून.
वडील गेल्यावर आम्ही ती फोडली.
घड्याळामागे आणखी एक कर्ज उभं होतं.

थोरामावशीचं उलटं.
तिच्या नवऱ्याचा खेकड्यांचा धंदा बुडाला.
होडी गेली, गाडी गेली,
बर्फाची पेटीसुद्धा माणसं उचलून घेऊन गेली.
घराला मात्र कुणी हात लावला नाही,
कारण त्यावर तिचं एकटीचं नाव होतं.
ती अजून सांगते, नवराबायकोनं एका छपराखाली झोपावं,
एका सहीखाली झोपू नये.

आम्ही लग्न करून पाहिलं होतं, अकरा वर्षं.
आता घर बघत होतो:
दोन खोल्या, पोटमाळा, दगडी भिंती,
समुद्राकडे पाठ करून बसलेलं,
रुसल्यासारखं.
सुरुवातीची रक्कम माझी, बाबांची जुनी होडी विकून आलेली.
हप्ते त्याचे, बोटीवरच्या पगारातून.
मग घर कुणाचं?
नांगराचं की वल्ह्याचं?

वकीलबाई म्हणाल्या, दोघांची नावं घातली
तर घर अर्धं अर्धं.
"आणि कर्ज?"
"कर्ज अर्धं होत नाही. ते प्रत्येकाचं पूर्ण.
एकानं हात वर केले
की बँक दुसऱ्याकडे सगळं मागते."

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.
हे कुठलं गणित?
मालकी वाटली की निम्मी,
देणं वाटलं की दुप्पट.

एर्लंड पहिल्यांदाच वळला.
"म्हणजे मी बुडालो तर?"
रोज समुद्रावर जाणाऱ्या माणसानं
हा शब्द इतका सहज वापरायला नको होता.
वकीलबाईंनी आणखी एक कलम दाखवलं:
जो मागे राहील, त्याचं सगळं घर.
त्या 'राहील'वर माझं बोट थांबलं.

खरं तर तेव्हाच त्याला विचारायला हवं होतं,
पैशाच्या बाबतीत तुला माझी भीती वाटते का?
मला तुझी वाटते. थोडी.
नाही विचारलं.
न चालणारं पेन उचललं, दोनदा झटकलं.
त्यानं आपल्या हातातलं पुढे केलं,
त्याच्या सहीची शाई अजून ओली होती.

मीही सही केली. प्रेमानं केली असं म्हणवत नाही.
आईची पाकिटं आठवून केली.
त्यानं कशासाठी केली, तो सांगेल तेव्हा कळेल.

नोव्हेंबरात वाऱ्यानं छपराचं एक दगडी कौल उडवलं.
रात्री पोटमाळ्यावर पाणी ठिबकायला लागलं.
आम्ही पडून राहिलो झोपेचं सोंग घेऊन,
जो तो आपापल्या अर्ध्या छपराकडे बघत.
गळती कुणाच्या अर्ध्यातली
ते अंधारात कळेना.

शेवटी मी उठले, जिना चढले.
बादली आधीच ठेवलेली होती, काठोकाठ भरलेली.
कधी ठेवलीस, असं काही मी विचारलं नाही.
ओतायला गेले तर एका हातानं उचलेना.
खालून तो म्हणाला, "येऊ का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही.